चौथा पेड

"पायाला हात लावायचा नाही, मामा. तेल नाही, हळद नाही, बिबा नाही. काही म्हणजे काही नाही. शपथ घ्या."

"घेतली," दस्तगीरमामा म्हणाले आणि त्यांनी घोडीच्या मानेवर हात ठेवला. "हिच्या गळ्याची आन. पायाला बोट लावणार न्हाई."

घोडीचं नाव शेवंता. पांढरीशुभ्र, लांब आयाळीची, आणि आपण देखणी आहोत हे पक्कं ठाऊक असलेली. मिरजेपासून जतपर्यंत कुठेही तालेवार घरचं लग्न असलं की नवरदेव शेवंतावरच बसणार हे ठरलेलं असे. हलगी कडाडली की ती बाजेवर चढायची आणि चारी पाय त्या सुंभाच्या विणीवर ठेवून नाचायची. नुकत्याच सरलेल्या लग्नसराईत नाचता नाचता बाज मोडली आणि तिच्या पुढच्या उजव्या पायाची मागची जाड शीर, रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी बांधणारी, आतून फाटली. तेव्हापासून ती तीन पायांवर उभी राहायची आणि चौथा नुसता टेकवायची.

या गोष्टीला आता चौदा-पंधरा वर्षं झाली. मी तेव्हा पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पेप्टाइडवर काम करत होते. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटासा तुकडा. निसर्ग ते बनवतोच, पण आम्ही आमच्या मनासारखे बनवायचो. माझं पेप्टाइड औषधाला पाठीवर घेऊन थेट दुखावलेल्या जागी जाईल, बाकी शरीराला त्रास देणार नाही, असा माझा दावा होता. दावा म्हणजे काय, खात्रीच होती. आई म्हणायची की माझी जीभ माझ्याआधी खोलीत शिरते. शिरू दे. उंदरांवर मी ते दाखवलं होतं. आता मोठं जनावर हवं होतं, आणि मिरजेजवळच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर खोतांनी मला शेवंता दाखवली.

पहिल्याच भेटीत मामांनी मला नीट उलटतपासणीला घेतलं होतं.

"बाई, सुई तुम्ही मानंत देणार. मग त्या औषधाला कळतं कसं, दुखणं पायात हाय म्हणून?"

"त्याला कळत नाही, मामा. ते रक्तातून सगळीकडे फिरतं." तेव्हा माझी वेणी चांगली कमरेपर्यंत होती. ती मी पुढे ओढली. "शीर अशी असते. तीन पेड, घट्ट विणलेले. शीर दुखावली की वेणी सुटते." मी खालचं टोक मोकळं केलं. "माझं औषध म्हणजे एक सुटा पेड. चौथा. घट्ट वेणीत त्याला शिरायला जागाच नसते, म्हणून तो पुढे जातो. सुटलेली वेणी दिसली की तिच्यात जाऊन गुंफून बसतो."

मामांनी माझ्या वेणीकडे पाहिलं, मग घोडीच्या पायाकडे पाहिलं.

"म्हंजे जितं सुटलंय तितं."

"जिथे सुटलंय तिथे. दुसरीकडे कुठेच नाही."

"बरं," ते म्हणाले. मला वाटलं, माणसाला पटलं.

प्रयोगाच्या दिवशी माझे वरिष्ठ, डॉक्टर रायबागकर, पुण्याहून भल्या सकाळी निघून आले. सर मुळात भला माणूस, पण आशेवर त्यांचा विश्वास नव्हता. माझा प्रकल्प त्या महिन्याअखेर बंद करायचा आणि मला इन्सुलिनच्या गटात बसवायचं, असं वर जवळजवळ ठरलं होतं. शेवंताच्या पायात काही दिसलं तरच सर माझ्या बाजूनं शब्द टाकणार होते.

माझ्याकडे बाटल्या दोनच होत्या. पहिलीत पेप्टाइड आणि त्याला जोडलेला रंग. हा रंग डोळ्यांना दिसत नाही, आमच्या कॅमेऱ्याला मात्र हिरवा उजळलेला दिसतो. दुसरीत तेच पेप्टाइड, तोच रंग, आणि शिवाय औषध. पहिली बाटली पायात पोचली असं दिसलं, तरच दुसरी उघडायची. नियम माझाच होता. एवढ्या दोन बाटल्या बनवायला आमचं सगळं वर्ष गेलं होतं.

मामा घोडी घेऊन आले. एरवी शेवंता दवाखान्याच्या तबेल्यातच असे, पण मधे दोन दिवस ते तिला घरी घेऊन गेले होते. खोतांनीच परवानगी दिली होती. दर्ग्याचा उरूस होता, आणि शेवंता दरवर्षी दाराशी जाऊन मान लववते म्हणे. आज तिच्या अंगावर उरुसातली जरीची झूल होती, मानेपासून शेपटीपर्यंत.

"पाय?" मी विचारलं.

"बोट लावलं न्हाई," मामा म्हणाले. "तिच्या गळ्याची आन घेतलीया मी, बाई."

पाय खरोखर जसाच्या तसा होता. खोतांनी डाव्या बाजूनं छाती तपासली आणि मानेत पहिली बाटली दिली. शेवंता शांत होती. फक्त उजव्या अंगाची कातडी अधूनमधून थरथरवत होती. माशा असतील, असं मी म्हटलं.

रंग शरीरभर फिरून नको तिथून निघून जायला वेळ लागतो. आम्ही तबेल्याच्या खिडक्यांना पोती लावून अंधार केला आणि बाहेर चहा घेत बसलो. सरांनी वर्तमानपत्र दोनदा वाचलं. मामांनी आम्हाला शेवंताच्या तिन्ही वेगवेगळ्या नाचांची नावं सांगितली आणि चौथा नाच ती आपल्या मनानंच शिकली, आणि घरी तिचं वर्षाचं शिंगरूही आता हलगीवर कान टवकारतं, हेही सांगितलं. मी आनंदात होते. मला उत्तर आधीच माहीत होतं.

दुपारी आत जाऊन कॅमेरा पायावर धरला.

पडद्यावर पाय दिसला. शिरेच्या जागी हिरवट धूसर काहीतरी होतं. आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही.

मी कॅमेरा जवळ नेला, लांब नेला. डाव्या पायावर धरला. तो काळाठिक्कर. परत उजव्यावर आणला. तेच धूसर काहीतरी.

"हेमांगी," सर म्हणाले, "पुरे."

"आहे ना थोडं, सर!"

"थोडं मलाही दिसतंय. पण एवढ्याशा उजेडावर मी तुझ्यासाठी कुणाशी भांडू?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "उंदीर वेगळा, घोडा वेगळा. होतं असं. दुसरी बाटली उघडू नकोस."

"मग पहिली गेली कुठे?"

"लघवीतून गेली असेल. आणखी कुठे जाणार?"

ते तर बघता येण्यासारखं होतं. "डॉक्टर," मी खोतांना म्हटलं, "सकाळपासून हिनं किती वेळा लघवी केली?"

"बादलीत धरलीय सगळी, मॅडम. तुम्हीच सांगितलं होतं."

मी बादली अंधारात ओढली आणि कॅमेरा तिच्यावर धरला. सर हसले, पण वाकून बघायला आले. बादलीत हिरवं होतं, पण फारच थोडं. सगळी बाटली जर बाहेर पडली असती तर बादली दिव्यासारखी दिसली असती.

"बादलीत नाही," मी म्हणाले. "पायातही नाही. म्हणजे ती घोडीतच कुठेतरी आहे. झूल काढा, मामा. आपण सगळी घोडी बघू."

मामा हलले नाहीत.

"मामा, झूल."

"ऱ्हाऊ द्या की, बाई. पाय तर उगडाच हाय. गार वारं बाधंल तिला."

भर दुपार होती. तबेल्यात पोती लावून आम्ही सगळे घामानं निथळत होतो. मी मामांकडे पाहिलं. ते माझ्याकडे सोडून सगळीकडे बघत होते. मग मला ती थरथरणारी कातडी आठवली. तबेल्यात सकाळपासून एकही माशी नव्हती.

मी कॅमेरा खोतांच्या हातात दिला, शेवंताच्या उजव्या अंगाला गेले आणि झूल उचलली. ती कळवळून बाजूला सरली.

"मॅडम," खोत पडद्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, हे बघा."

कॅमेरा त्यांच्या हातात होता आणि तो खांद्याकडे वळला होता. पडद्यावर अंधारात पाच फुल्या पेटल्या होत्या. एका रांगेत पाच हिरव्या फुल्या, इतक्या लख्ख की रेघेची कड न् कड दिसावी.

खोतांनी खिडकीवरचं एक पोतं ओढलं. उजेडात शेवंताच्या पांढऱ्या खांद्यावर त्याच पाच फुल्या दिसल्या, तांबड्या, ओल्या. तापलेल्या लोखंडानं डागलं होतं तिला.

"मामा!" माझा आवाज एवढा चढला की घोडीनं कान मागे टाकले. "शपथ घेतली होती तुम्ही!"

"पायाची घेतली हुती," मामा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, पण मान खाली नव्हती. "पायाला बोट लावलं न्हाई. पायाची शीर खांद्यातनं येती, बाई. आमच्याकडं पायाचं दुखणं खांद्यात धरत्यात. सोनी गावचे शामूतात्या, डाग देणारे, उरुसाला आले हुते. नुस्ता नारळ घेत्यात, पैशाला शिवत न्हाईत. ते म्हणाले, मानंत सुई दिऊन पाय बरा झाल्याचं कुणी बगितलंय? मला तुमचं बी करायचं हुतं, त्यांचं बी करायचं हुतं. एकानं न्हाई तर दुसऱ्यानं, पर पोरगी हुबी ऱ्हायला पायजे."

मला संताप आला होता. त्या मुक्या जिवाला दोन माणसं दाबून धरतात आणि तिसरा तापलेलं लोखंड टेकवतो, हे चित्र डोळ्यांपुढून जाईना. मी मामांना जे जे बोलले ते सगळं बोलायलाच हवं होतं आणि आजही त्यातला एक शब्द मागे घेणार नाही.

"माझ्यामुळं तुमचं औषध वाया गेलं," शेवटी ते एवढंच म्हणाले.

आणि तिथे मी थांबले. कारण मी पडद्याकडे पाहिलं. त्या पाच फुल्या अजून तिथेच होत्या.

भाजलं की काय होतं? उष्णतेनं कातडीतली वेणी सुटते. फाटलेल्या शिरेत सुटते त्याहून कितीतरी जास्त सुटते. मी मानेत सुई दिली होती. त्या अवाढव्य घोडीच्या अंगभर फिरून माझ्या पेप्टाइडनं, मला स्वतःला माहीत नसलेली जखम, जरीच्या झुलीखाली लपवलेली जखम शोधून काढली होती. तीही रेघ न् रेघ.

मला हसू फुटलं. मामा घाबरून मागे सरले. बाई खुळावली असं त्यांना वाटलं असणार.

"वाया नाही गेलं, मामा! जिथे सुटलंय तिथे गेलंय. सर, बघताय ना?"

"बघतोय," सर म्हणाले. ते खरंच बघत होते, पडद्याला नाक लावून. "छान आहे. फारच छान आहे. पण हे पायात गेलेलं नाही. हे भाजलेल्या जागी जातं, एवढंच मी लिहू शकतो. दुसरी बाटली परत नेऊ. डाग भरल्यावर बघू."

"डाग भरायला महिना जाईल," खोत म्हणाले. "तोवर पायाची शीर आपोआप जुळेल, सर, आणि वाकडी जुळेल. मग ही नाचायचं सोडा, धड चालायचीही नाही. द्यायचं तर आत्ताच."

"आत्ता दिलं तर तेही खांद्यात जाईल!"

"नाही जाणार," मी म्हणाले.

तिघेही माझ्याकडे बघायला लागले.

"का नाही जाणार?" सरांनी विचारलं.

"कारण खांद्यात जागा नाही. सर, तुम्ही कधी एस.टी.नं गेलात? खांद्यावरच्या सगळ्या सीटवर पहिल्या बाटलीनं रुमाल टाकून ठेवलेत. दुसरी बाटली तिथे येईल, बघेल आणि पुढे जाईल. आता रिकाम्या जागा उरल्यात त्या फक्त पायात."

"आणि तुझा अंदाज चुकला तर? बाटली संपली, महिना संपला, तू संपलीस."

"चुकला तर उद्यापासून इन्सुलिनच्या गटात बसते. आणि तोंड मिटून बसते."

"तोंड मिटून?" सरांनी खोतांकडे पाहिलं. "तुम्ही साक्षीदार आहात हां, डॉक्टर." मग त्यांनी शेवंताकडे पाहिलं. ती उजवा पाय टेकवून, उचलून, परत टेकवून बघत होती. "दे," ते म्हणाले.

मी मामांकडे वळले. घोडी त्यांची होती. "मामा, तुमची हरकत आहे का?"

"माझं काय इचारता," ते म्हणाले. "मी हाय का आता इचारायच्या लायकीचा?"

"तुम्हीच आहात. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा."

त्यांनी झुलीची घडी घातली, खाली ठेवली आणि शेवंताचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "द्या."

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते मला सांगता यायचं नाही. खोतांनी डागांवर मलम लावलं. सरांनी वर्तमानपत्र उलटं धरलं होतं हे मी त्यांना सांगितलं नाही. मला भीती वाटली का, असं लोक अजूनही विचारतात. कॅमेऱ्याची काच मी चारदा पुसली, हे खरं. पण मी ते रेणू स्वतः जोडले होते. त्यांचा स्वभाव मला माझ्या भावंडांच्या स्वभावापेक्षा जास्त माहीत होता.

उन्हं कलल्यावर परत पोती लावली आणि मी कॅमेरा हातात घेतला. आधी खांदा बघितला. फुल्या होत्या तशाच होत्या, काडीचाही फरक नव्हता. मग मी खाली वाकले.

गुडघ्याच्या खाली, पायाच्या मागच्या बाजूनं एक हिरवी रेघ उतरत होती. मधोमध ती रुंद झाली होती आणि तिथे उजेड दाटला होता, कणसासारखा. डाव्या पायात काळोखच होता.

सरांनी माझ्या डोक्यावर टपली मारली, पुण्यात मला कुणी कधी मारली नव्हती तशी.

मामा हळूच पुढे आले. "ह्यो पाय हाय?"

"पाय आहे, मामा. शेवंताचा."

त्यांनी बोट पुढे केलं. घोडी हाताच्या अंतरावर उभी होती, पण त्यांनी पायाला बोट लावलं नाही. पडद्याला लावलं, जिथे उजेड दाट होता नेमकं तिथे. "हितंच," ते म्हणाले. "हितंच दुकतं तिला." आणि एवढा मोठा माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला.

सरांनी शब्द टाकला. प्रकल्प राहिला. शेवंताची शीर सरळ जुळली आणि पुढच्या लग्नसराईत ती बाजेवर चढली. पण एका घोडीनं काही सिद्ध होत नसतं. आम्हाला आणखी घोडे हवे होते, आणि इथेच माझं घोडं अडलं. कारण मिरजेपासून जतपर्यंत सगळीकडे बातमी पसरली होती की शेवंता शामूतात्यांच्या डागानं बरी झाली. पुण्याच्या बाईनं यंत्रात बघितलं तर म्हणे डाग विजेसारखा चमकत होता! लोक लंगडणारे घोडे घेऊन यायचे, आणि मी झूल उचलली की खाली पाच फुल्या. मी चिडायचे, परत पाठवायचे. ते म्हणायचे, "अहो, तुमच्याच यंत्रात चमकला न्हवं?" आणि ही बातमी वरातीवरातीत सांगत कोण फिरत होतं? दस्तगीरमामा.

असे सहा-सात घोडे परत गेल्यावर एका सकाळी मी दवाखान्याच्या दारात कंबरेवर हात ठेवून उभी होते. समोरून मामा येताना दिसले. बरोबर शेवंताचं शिंगरू होतं, आता चांगलं आईच्या खांद्याला लागलेलं. त्याच्या अंगावर तीच जरीची झूल होती. नाच शिकताना पाय मुरगळून शीर दुखावली होती, ते लांबूनच कळत होतं.

मी कडाडणार होते. तोंड उघडलंही होतं.

मामांनी हात वर करून मला थांबवलं. शिंगराला त्यांनी माझ्यापुढे आडवं उभं केलं, झुलीच्या गाठी सोडल्या आणि ती सगळीच्या सगळी खाली ओढली. उजवा खांदा दाखवला. मग शिंगराला वळवून डावा दाखवला. पाठ, मांड्या, पोट. पांढरी कातडी स्वच्छ होती. एकही डाग नव्हता.

"मामा," मी म्हणाले, "गावभर तर सांगत फिरता, डागानं बरी झाली म्हणून."

"सांगतो की. शामूतात्या माझ्या बापाचे दोस्त. त्यांचं तोंड मी कसं मोडू?" त्यांनी झूल खांद्यावर टाकली. "पर ह्यो माझा ल्योक हाय."

आणि त्यांनी दावं माझ्या हातात दिलं.